काटेसरांची डबी

गिटारच्या क्लासचे सर. आडनाव वेगळंच, पण सगळे त्यांना काटेसर म्हणत. कारण त्यांचा कान. सोनाराच्या तराजूचा काटा हलावा तसा तो हलायचा. तार केसभर उतरली तरी सर पाठमोरे बसूनही सांगत, 'तिसरी तार बघ.' नवीन विद्यार्थी त्यांना चेक देताना बिनदिक्कत 'काटे' लिहीत, आणि सर तो चेक कौतुकाने बायकोला दाखवून मग परत करत.

क्लास ड्रायक्लीनिंगच्या दुकानावर होता. खालून इस्त्रीची वाफ यायची आणि पावसाळी हवेसारखी लाकडाला चढायची, म्हणून गिटारी सारख्या बिघडत. शिकायला येणारी मंडळी मोठी, कामधंद्याची. एक बस कंडक्टर, एक दाताची डॉक्टरीण, नणंद-भावजय अशा दोघी आणि कपडे शिवणाऱ्या एक बाई. सरांचा नियम होता, गिटार ज्याची त्याने कानाने लावायची. चुकलं की ते खुंटीऐवजी माणसाचेच कान पिळत, अर्थात शब्दांनी.

शिवणाऱ्या बाईंची बोटं संधिवाताने आखडली होती. तारा दाबता यायच्या, पण खुंटी पिळताना कळ थेट कोपरापर्यंत जायची. एके दिवशी त्यांनी आपल्या गिटारच्या टोकाला मागून एक काळी डबी बसवून आणली. बटण दाबायचं, तारा छेडायच्या, की आतली मोटर घूं करत खुंट्या आपोआप फिरवायची. सूर जमला की दिवा हिरवा. बाईंनी मोठ्या उत्साहाने सगळ्यांना करून दाखवलं.

सर म्हणाले, "छान. आता वाजवायलाही एक मोटर बसवून घ्या, म्हणजे तुम्हाला यायला नको."

सगळे हसले. कंडक्टरही हसला, डॉक्टरीणही. बाईही थोड्या हसल्या. मग त्यांनी गिटार पिशवीत घातली, तास संपेपर्यंत ती मांडीवर धरून बसल्या, आणि पुन्हा आल्या नाहीत.

पुढल्या वर्षी सरांचा उजवा कान बिघडला. एकच स्वर दोन्ही कानांना वेगवेगळा ऐकू यायला लागला, उजव्याला किंचित चढा. सुरुवातीला त्यांनी तारांना दोष दिला, मग वाफेला. घरी टीव्हीचा आवाज वाढत गेला तेव्हा बायको म्हणाली, "एकदा कान दाखवून या."

"माझा कान? लोक काय म्हणतील?"

"लोकांना कशाला सांगायचंय? डॉक्टरला सांगा."

ते गेले नाहीत. त्याऐवजी त्यांनी मेव्हण्याला बोलावलं. मेव्हणा विजेची कामं करायचा, आणि बहिणीच्या नवऱ्यापुढे एरवी कधी तोंड उघडायचा नाही. सरांनी त्याच्याकडून तशीच डबी मागवली आणि बंद खोलीत गिटारला बसवून घेतली. मेव्हणा स्क्रू आवळता आवळता म्हणाला, "भावजी, ही तर फार सोयीची वस्तू. लपवायची कशाला?"

"तू स्क्रू बघ," सर म्हणाले.

तेव्हापासून ते क्लासला सगळ्यांच्या आधी पोहोचत, दार लावून गिटार लावून घेत, आणि डबीवर रुमाल बांधत. कोणी विचारलंच तर, 'घाम पुसायला.'

वर्षाचा कार्यक्रम वाचनालयाच्या सभागृहात होता. विद्यार्थ्यांचे नातेवाईक, शेजारी, ड्रायक्लीनिंगवाला, सगळे आले होते. सर पडद्यामागच्या सामानाच्या खोलीत गेले. आत दिवा नव्हता. त्यांनी चाचपडत बटण दाबलं, मोटर फिरली, दिवा लागला. रंग त्यांनी नीट पाहिला नाही. रुमाल बांधून ते रंगमंचावर आले.

पहिलंच गाणं सगळ्यांनी मिळून वाजवायचं होतं. तारा छेडल्या आणि सरांच्या अंगावर काटा आला. सूर भांडत होते. उजव्या कानाचा त्यांना भरवसा नव्हता, पण हे डाव्यालाही कळत होतं. आपली गिटार यंत्राने लावलेली, म्हणजे ती चुकणार नाही. त्यांनी हात वर करून गाणं थांबवलं.

"वर्षभर काय केलंत?" ते सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल असं म्हणाले. "एकाचीही गिटार लागलेली नाही. घरच्यांसमोर तरी लाज राखा. सगळ्यांनी माझ्या गिटारला मिळवून घ्या."

डॉक्टरीणबाईंनी कंडक्टरकडे पाहिलं. कंडक्टरने मान खाली घातली आणि खुंटी पिळायला घेतली. एकेक करत सगळ्यांनी तारा खाली उतरवल्या. डॉक्टरीणबाईंचा मुलगा पहिल्या रांगेत बसून आईकडे बघत होता, त्या त्याच्याकडे बघत नव्हत्या. मग गाणं झालं, पुढचीही झाली, टाळ्याही पडल्या.

आत आल्यावर सरांनी मान पुसायला रुमाल सोडला. डबीवरचा दिवा निळा होता. निळा म्हणजे अंधारात बटण दोनदा दाबलं गेलेलं, सगळ्या तारा अर्धा सूर खाली. चूक त्यांच्या एकट्याच्या गिटारची होती.

मागे कंडक्टर आणि डॉक्टरीणबाई उभ्या होत्या. सरांनी डबीवर हात ठेवला, पण त्या दोघांना सगळं दिसून गेलं होतं.

"तुम्हाला कळलं होतं?" त्यांनी विचारलं.

"पहिल्याच झंकाराला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काही बिघडलं नाही सर. कार्यक्रम छान झाला."

"मग बोलला का नाहीत?"

कंडक्टर म्हणाला, "डबी आम्हाला केव्हाच दिसली होती, सर. त्या बाईंकडे होती तशीच. तुम्ही लपवताय म्हटल्यावर आम्ही काय बोलायचं?"

एवढे दिवस आपण रुमाल बांधत होतो आणि ही माणसं आपल्या डोळ्यांदेखत दुसरीकडे बघत होती, हे सरांच्या मनात फिरत राहिलं. त्यांना कोणी ओरडलं असतं तर बरं वाटलं असतं.

त्या आठवड्यातच ते शिवणाऱ्या बाईंच्या घरी गेले. बाई मशीनवर एका जॅकेटची चेन बसवत होत्या. त्यांनी सरांना बसायला सांगितलं आणि मशीन थांबवलं. सरांनी सगळं सांगितलं. कान, डबी, कार्यक्रम. शेवटी म्हणाले, "त्या दिवशी मी तुम्हाला जे बोललो, ते मी बोलायला नको होतं."

"तुम्ही काय बोललात ते मी विसरलेही असते," बाई म्हणाल्या. "सगळे हसले आणि मीही हसले. मला राग त्याचा येतो. मी का हसले?"

सरांनी नजर वळवली. कोपऱ्यात गिटार टेकलेली होती. वापरातली दिसत होती, धूळ नव्हती.

"वाजवता अजून?"

"रोज."

"थोडं ऐकवाल?"

"नाही," बाई शांतपणे म्हणाल्या. "तुमच्यासमोर नाही वाजवता येणार मला." त्यांनी चहा मात्र केला, आणि सरांनी तो संपवला, कारण अर्धा टाकून उठणं आणखी वाईट दिसलं असतं.

मग ते कानाच्या डॉक्टरकडे गेले. उजव्या कानात यंत्र बसलं. सूर पूर्वीसारखे आले नाहीत, पण बोलणं स्वच्छ ऐकू यायला लागलं. क्लासमध्ये त्यांनी सगळ्यांची माफी मागितली. ती फार लांबली, तेव्हा नणंदेने "सर, वाजवायचं का?" असं विचारून त्यांना सोडवलं. रुमाल गेला. गिटारी लावून झाल्या की आता कंडक्टर सगळ्यांच्या तपासतो, सरांचीही.

ते तपासणं चाललेलं असताना सर खिडकीशी उभे राहतात. एकदा मागे दोघीतिघी कशावरून तरी हसल्या. यंत्रातून हसू नीट ऐकू आलं, कारण मात्र कळलं नाही. सरांचे कान तापले. कशाला हसलात, असं त्यांनी विचारलं नाही. आपली गिटार हातात येईपर्यंत ते खालच्या रस्त्याकडे बघत राहिले.