शेवटचे दोन ठोके

देव खरंच ऐकतो का, ही शंका माझ्या मनात सोनीपायी आली. माझी ही लेक बोलत नाही, हाकेला ओ देत नाही. डॉक्टरांनी ऑटिझम सांगितलं. मोठा आवाज झाला की कान दाबून पळते, आणि पळते ती थेट पाण्याकडे. आम्ही मासेमारी करणारी ढिवर माणसं, घर तळ्याच्या काठावर, त्यामुळे माझा जीव सदा टांगणीला.

गडचिरोलीला म्युझिक थेरपी करणाऱ्या एक ताई भेटल्या. घरातला कोणता आवाज सोनीला चालतो, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, जाळं टाकल्यावर मासोळी हाकलायला तिचे बाबा डोंग्यावर, म्हणजे लहान नावेवर, काठीनं ठोकतात, तो. ताईंनी त्याच ठेक्यावर गाणं बांधलं. "सोनी कुठी, सोनी कुठी" म्हणायचं आणि मग डब्यावर दोन ठोके. ते ठोके मात्र सोनीनं द्यायचे. धीर नावाची चीज माझ्यात नाही. ओळ संपली की माझेच हात डब्यावर पडायचे. ताई म्हणायच्या, "बाई, तेवढी जागा रिकामी ठेवा. ती भरेल." मी चिडायची, "अन् नाई भरली तं?" सोनी डब्याकडे टक लावून बघायची, पण हात लावत नव्हती.

महाशिवरात्रीला मोठ्या हिमतीनं तिला मार्कंड्याच्या महादेवाच्या यात्रेला नेलं, गर्दी व्हायच्या आधी, सकाळीच. दर्शन झालं आणि भोंगे सुरू झाले. सोनीनं हात हिसडला आणि दिसेनाशी झाली. पलीकडे वैनगंगा. तिचे बाबा नदीकडे धावले. मी नाव घेऊन ओरडत राहिले, नावाला ती येत नाही हे माहीत असूनही. मग तिथंच हात जोडले आणि म्हटलं, "महादेवा, मले काईच सुचून नाई राह्यलं. आता तूच पाह्य."

तेवढ्यात भोंगे बंद पडले. लाईट गेली असेल, यात्रेत जाते, मी वाद घालत नाही. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "सोनी कुठी, सोनी कुठी." सवयीनं हात उचलले, पण ठोकायला डबाच नव्हता. हात तसेच राहिले.

टक. टक.

दुकानांच्या मागून आला तो आवाज. मी पुन्हा म्हटलं, पुन्हा दोन ठोके आले. त्या आवाजाच्या मागं मागं गेले. जंगलाकडच्या गावातली एक म्हातारी झाडू विकत बसली होती. तिच्या आडोशाला सोनी, पुढ्यात म्हातारीचा जेवणाचा डबा पालथा. म्हातारीनं आपला पदर पोरीच्या डोक्याभोवती गुंडाळला होता.

"कान दाबून रडत होती, म्हून जवळ बसवली. तुह्यीच का व?"

"माह्यीच." मी म्हातारीचे पाय धरले. नाव विचारायचं राहूनच गेलं.

पूर्वी देवापुढं बसले की माझं मागणं संपायचंच नाही. आता थोडं बोलते आणि गप्प राहते, बाकीचं त्याच्यावर सोडते. रोज दिवेलागणीला सोनीला समोर बसवून तीच ओळ म्हणते आणि हात मांडीवर ठेवते. कधी कधी फार वेळ लागतो. मी वाट बघते.