सरहद्दीचे वकील

पक्षकार बोलायला लागला की वकीलसाहेब हात वर करून त्याला थांबवायचे. "काय केलंस ते मला सांगू नकोस. कुठून पळून आलास, तेवढंच सांग." बिचारा आष्ट्याहून सगळी हकिगत मनात जुळवत आलेला असायचा.

तुम्ही म्हणाल, हा कसला वकील? पण त्यांचा धंदाच तसा होता. सांगली संस्थान होतं तेव्हा पलीकडचा सातारा जिल्हा इंग्रजांचा. तिकडं मारामारी करून कुणी इकडं आला, तर इंग्रज पोलिसांना संस्थानाकडं त्याची रीतसर मागणी करावी लागे. त्या मागणीत खोट काढायची, हे यांचं काम. माणसानं गुन्हा केला का, हा प्रश्नच नसायचा. त्याला परत देता येतो का, एवढंच बघायचं. पुढं संस्थान विलीन झालं आणि सरहद्दीबरोबर यांची वकिलीही गेली. तरी गाव त्यांना 'सरहद्दीचे वकील'च म्हणत राहिलं.

मी कोर्टात टायपिस्ट. विश्रामबागेत आमची घरं शेजारी, त्यामुळं रोज सायकलवरून बरोबर जायचो. तेव्हा ते पंचायतीच्या निवडणुका, नगरपालिकेच्या जप्त्या, सरकारविरुद्धचे अर्ज असली कामं घेत आणि बहुतेक हरत. चढावर सायकल हातात धरून चालताना म्हणायचे, "सरकार नावाच्या पक्षकाराला कंटाळा येत नाही हो. आपल्याला येतो."

साठ सालानंतर परदेशातून पळून आलेल्या आरोपींसाठी नवा कायदा झाला. त्यांनी तो मुंबईहून मागवला, खाकी कव्हर घातलं आणि जेवतानाही ताटाशेजारी ठेवायला लागले. वहिनी मला म्हणाल्या, "लग्नातसुद्धा यांना एवढा आनंद झाला नव्हता."

"लग्नाला अपिलाची सोय नव्हती," ते पुस्तकातून मान वर न करता म्हणाले.

आणि तसा खटला खरंच आला. वाळवा तालुक्यातला एक माजी सैनिक. दुसऱ्या महायुद्धात पलटणीबरोबर समुद्रापलीकडच्या एका देशात गेलेला. लढाई संपल्यावर पलटण परत आली, पण हा तिथंच एका रबराच्या मळ्यावर राखणदार म्हणून राहिला. तिथल्या मॅनेजरचा खून झाला आणि हा गावी निघून आला. बऱ्याच वर्षांनी त्या सरकारनं त्याला मागितलं. दिल्लीनं आमच्या कोर्टाला चौकशी करायला सांगितली. त्या देशात खुनाला फाशी होती.

"म्या न्हाई मारलं, सायेब," तो पहिल्याच भेटीत म्हणाला.

हात वर गेलाच. "ते इथं कुणी विचारणार नाही रे. मागितलेला माणूस तूच का, एवढंच बघतील. तू तोंडातून शब्द काढू नकोस. बाकी माझ्यावर सोड."

मागणीच्या कागदांत फोटो नव्हता, आणि नाव असं की आमच्याकडं दर वाडीत एक सापडावा. तो कधीकाळी परदेशात गेला होता, हे गावातही कुणाला आठवेना. पोलीस पाटलानंसुद्धा साक्षीत नुसतं डोकं खाजवलं. वकीलसाहेब खुशीत होते. त्या माणसाची बायको दर तारखेला शेंगांचं गाठोडं घेऊन यायची. "जयभीम, वकीलसायेब. सुटतील न्हवं?"

"सुटेल." इतकं ठाम उत्तर त्यांनी कुणाला दिलेलं मी आधी ऐकलं नव्हतं.

शेवटचा साक्षीदार म्हणून सरकारनं साताऱ्याकडचे एक निवृत्त सुभेदार आणले. त्याच पलटणीचे. पांढऱ्या मिशा, छातीवर बिल्ले. पुकारा व्हायच्या आधी व्हरांड्यात ते पुटपुटत होते, "लय वर्सं झाली. ह्योच त्यो, आसं शपतंवर कसं सांगू मी?" ते ऐकून वकीलसाहेबांनी माझ्याकडं बघितलं. त्यांना हसू आवरत नव्हतं.

पुकारा झाला. सुभेदार दारातून आत आले. आणि आरोपीच्या पिंजऱ्यात आमचा माणूस ताडकन उभा राहिला. अनवाणी टाचा जुळवल्या आणि कडक सॅल्यूट ठोकला.

सुभेदारांचा हातही आपोआप कपाळाशी गेला.

आमच्या माणसानं तोंडातून शब्द काढला नव्हता. सांगितलेलं तंतोतंत पाळलं होतं. मॅजिस्ट्रेटनी मला नोंद घ्यायला सांगितली आणि मी ती टाइप केली. वकीलसाहेब हरकत घ्यायला उठले, बसले, पुन्हा उठले. सुभेदार तर साक्षीच्या आधीच रडायला लागले. "हात आवरला न्हाई रं गड्या," एवढंच ते त्याला म्हणत राहिले.

त्यानंतर दिल्लीला अर्ज केले, हायकोर्टात गेलो, काही उपयोग झाला नाही. मिरज स्टेशनवर पोलिसांनी त्याला गाडीत बसवलं तेव्हा वकीलसाहेब खिडकीशी उभे होते. त्यानं त्यांनाही सॅल्यूट केला. ते दुसरीकडं बघायला लागले.

पुढं पोलीस पाटलाकडं कागद आला की शिक्षा अंमलात आली. बायको तशीच शेंगा घेऊन आली. रडली नाही. "तितं त्यास्नी कुटं पुरलं, तेवढं इचारा. मूठभर माती तरी आना. कुटं बसून रडू मी?"

वकीलसाहेबांनी अर्ज लिहिले, मी टाइप केले. कुठूनही उत्तर आलं नाही. एकदा पुस्तक मिटून ते म्हणाले, "जिवंत माणूस मागायला सरकारला अख्खा कायदा आहे. मेलेला मागायला या बाईला एक कलम नाही." त्या दिवसानंतर त्यांनी नवीन काम घेतलं नाही. सायकल भिंतीला टेकवून ठेवली. ती बाई आली की तिच्यासमोर बसून राहायचे. मला त्यांच्याकडं बघवत नसे.

दोन-तीन वर्षांत ते गेले. तिसऱ्या दिवशी आम्ही कृष्णेच्या घाटावर राख सावडायला गेलो होतो. ती बाई आधी त्यांच्या घरी येऊन गेली होती. वहिनींनीच तिला घाटावर पाठवलं. ती आली, राखेजवळ खाली बसली आणि तिनं हंबरडा फोडला. "धनी! आवं धनी! मला टाकून कुटं गेलासा वं!"

वकीलसाहेबांचा मुलगा गोंधळून पुढं झाला. मी त्याला म्हणालो, "रडू दे तिला. तिला दुसरी जागा नाही."