वांग्यापायी बुडालेला सूर्य

लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून आम्ही दोघं कोकणात गेलो होतो. आम्ही चौघं होतो.

मी जळगावला मेहरूणमध्ये राहतो आणि शाळेत गणित शिकवतो. तरीही दोन म्हणजे दोनच, हे मला माझ्या घरच्यांना आजवर पटवता आलेलं नाही.

खरं तर सुरुवात चांगली झाली होती. पुण्याच्या लेकीनं समुद्राकाठचं एक लहानसं गाव शोधलं, तिथल्या एका घरात खोली ठरवली आणि आईच्या मोबाइलवर एक यादी पाठवली: 'जोडप्यांनी इथे करायच्या दहा गोष्टी'. होडीतून खाडी हिंडणं, दीपगृहापर्यंत पायी जाणं, वाळूत एकमेकांची नावं लिहिणं, एकाच शहाळ्यात दोन नळ्या घालून पाणी पिणं (माझ्या मानेला पट्टा आहे, हे लेक विसरली होती). माझ्या बायकोनं, सुनंदानं, चष्मा लावून यादी दोनदा वाचली आणि म्हणाली, "बाकी नऊ तुम्हाला झेपायची नाहीत. एकच करा. संध्याकाळी समुद्राकाठी दोघांनी बसायचं आणि सूर्य बुडताना बघायचा. तिसरं कोणी नको, हातात काम नको. नुसतं बसायचं."

मागणं एवढंच होतं. पण पंचवीस वर्षांत आम्ही दोघं नुसते असे कधी बसलोच नव्हतो. आमच्या घरात कायम कोणी तरी आलेलं असायचं, नाही तर येणार असायचं, आणि सुनंदा कायम ओट्यापाशी असायची. मी छातीवर हात ठेवून कबूल केलं. तीन दिवस होते. म्हणजे तीन सूर्यास्त. त्यातला एक साधणं काही अवघड नव्हतं.

फक्त निघायच्या आदल्या दिवशी मी नानांना फोन केला. नाना म्हणजे माझे थोरले भाऊ, धुळ्याजवळ नरडाण्याला असतात. लांबच्या गावाला जाताना थोरल्याच्या कानावर घालायचं, ही आमच्या घरची रीत. नाना अहिराणीत म्हणाले, "रिकामा हाते कोना घर जाऊ नही. भरीतना वांगा लई येस. धुयाना बायपासवर थांबजो."

थांबलो. नाना उभे होते. शेजारी पोतंभर हिरवी वांगी होती, भाजायला कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा भारा होता, भरीत ठेचायची लाकडी बडगी होती आणि नवी साडी नेसलेल्या वहिनी होत्या.

"नाना, तुम्ही वांगी द्यायला आलात ना?"

"मंग भरीत कोन करी? तुले येस का?"

"नाना, ते... हे जोडप्यांसाठी आहे."

"मंग आम्हीबी जोडपंच शेतस ना," नाना म्हणाले. वहिनी तोवर मागच्या सीटवर बसून पायाशी पिशव्या लावत होत्या.

सुनंदानं माझ्याकडे एकदा बघितलं. ते बघणं नाशिकपर्यंत पुरलं. नाशिकनंतर तिनं खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली, ते जास्त वाईट होतं.

पहिला सूर्यास्त पोतं उतरवताना गेला. काड्यांचा भारा गाडीच्या टपावर इतका पक्का बांधला होता की नाना आणि मी दोन बाजूंनी दोऱ्या सोडत होतो आणि एकमेकांच्या गाठी आवळत होतो. भारा खाली आला तेव्हा आभाळ जांभळं झालं होतं. "राहू दे, अजून दोन आहेत," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मात्र चूक माझी, निव्वळ माझी. नानांची नाही, वांग्यांचीही नाही. ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या सुमतीकाकू फार मायाळू बाई. सकाळी चहा देताना त्यांनी पोत्याकडे बघितलं आणि सहज म्हणाल्या, "वांगी छान आहेत हो. आमच्याकडे पण भरीत करतात. दही घालून."

आता कोणी शहाणा माणूस असता तर "हो का" म्हणून चहा प्यायला असता. पण जळगाव-धुळ्याच्या माणसाला भरितात दही ऐकवणं म्हणजे त्याच्या आईला नावं ठेवण्यासारखं आहे. नानांनी कप खाली ठेवला. वहिनींनी पदर सावरला. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "काकू, आज संध्याकाळी तुम्हाला खरं भरीत खाऊ घालतो. शेजारच्यांनाही सांगा."

बोलून झाल्यावर मला सुनंदा दिसली. ती दारात उभी होती.

"आज संध्याकाळी?" तिनं विचारलं.

"समुद्रावरच करू," मी म्हणालो. "म्हणजे दोन्ही होईल."

काकूंनी शेजारच्यांना सांगितलं. शेजारच्यांनी त्यांच्या शेजारच्यांना सांगितलं. चार वाजता वाळूवर आम्ही काड्या रचल्या तेव्हा आठ माणसं होती. पाच वाजता मी मोजायचं सोडून दिलं, आणि मी गणिताचा मास्तर आहे! खारा वारा काडी धरू देईना. पेटलीच तर ज्वाळ आडवी होऊन नानांच्या धोतराकडे जाई. वांगी एका अंगानं कोळसा, दुसऱ्या अंगानं कच्ची. मिरच्या भाजल्या तेव्हा तो ठसका वाऱ्यानं थेट मंडळींवर नेला आणि अख्खा किनारा खोकू लागला. "भारी शे," नाना डोळे पुसत म्हणाले, "असाच लागस." मग बडगीत भरीत ठेचायला मी बसलो. ठेचता ठेचता माझे दोन्ही दंड भरून आले. वहिनी पुऱ्या लाटत होत्या आणि सुनंदा तळत होती. वाऱ्यापासून चूल राखायला ती पुढे सरकून बसली होती, आणि तिची पाठ समुद्राकडे होती.

बऱ्याच वेळानं तिनं मान न वळवता विचारलं, "बुडाला का?"

मी वर बघितलं. "हो. आत्ताच."

"कसा होता?"

मीही वांगीच बघत होतो. तिनं झाऱ्यानं पुरी उलटली. मला फार लाज वाटली. तेवढ्यात काकू बोट चाटत म्हणाल्या, "दही हवं होतं हो थोडं."

तिसऱ्या दिवशी मी उठलो तोच निश्चय करून. आज काही झालं तरी. पण नाना सकाळीच म्हणाले, "आज आपन बठ्ठा समुद्रवर जाऊत, बरं का." बठ्ठा म्हणजे सगळे. मी सुनंदाकडे बघितलं. ती उलट हसली. म्हटलं, बायकोनं आशा सोडली.

दुपारी तिनं कालचं उरलेलं भरीत फोडणी देऊन गरम केलं आणि नाना-वहिनींना इतक्या प्रेमानं वाढलं की मलाही नवल वाटलं. "नाना, घ्या ना थोडं. वहिनी, तुम्ही तर काही खाल्लंच नाही." मला मात्र एकदाच वाढलं आणि पातेलं आत नेऊन ठेवलं. राग गेलेला नाही, असं मी समजलो. पाच वाजले तरी नाना ओसरीवर आणि वहिनी खोलीत गाढ झोपल्या होत्या. नानांच्या घोरण्यानं काकूंचं मांजर घर सोडून गेलं होतं.

"चला," सुनंदा हळूच म्हणाली.

आम्ही दोघं निघालो. दोघंच. किनाऱ्यावर माणूस नव्हतं. कालच्या राखेपासून लांब, सुरूच्या झाडाखाली आम्ही वाळूत बसलो. सूर्य अजून चार बोटं वर होता. सुनंदानं चपला काढल्या, पाय वाळूत खुपसले आणि माझ्या ठणकणाऱ्या दंडावर डोकं टेकवलं. वारा लागत होता. मला इतकं बरं वाटलं की मी क्षणभर डोळे मिटले.

उघडले तेव्हा अंधारून आलं होतं.

"बुडाला का?" मी विचारलं.

"हो."

"कसा होता?"

"छान होता," ती म्हणाली. "पण एकटीनंच बघितला." आवाजात राग नव्हता, आवाज नुसता दमलेला होता. मग पायांवरची वाळू झटकत म्हणाली, "नाना-वहिनींना चार-चारदा वाढलं, ते झोपावेत म्हणून. तुम्हाला एकदाच वाढलं, तुम्ही जागे राहावं म्हणून. मग हे कसं झालं, तेच कळत नाही."

दुपारी ती हात धुवायला गेल्यावर मी आत जाऊन पातेलं पुसून खाल्लं होतं, हे पंचविसाव्या वर्षी कोणत्या तोंडानं सांगायचं?