आधी विचारा, मग जेवा

बडनेऱ्याजवळच्या एका खेड्यातल्या चतुराबाईंची जीभ अशी धारेची, की गावातली भांडखोर माणसंही त्यांच्या दारावरून खाली मान घालून जात. मात्र दारी आलेल्या माणसाला नाही म्हणणं या बाईला जन्मात जमलं नाही. सगळा घोटाळा त्यातूनच झाला.

एकसष्ट सालच्या हिवाळ्यात अमरावतीच्या एका कॉलेजची पोरं गावात श्रमदानाला आली आणि सांडपाणी जिरावं म्हणून घरोघरी परसात शोषखड्डे खणून गेली. पोरं गुणाची, मेहनतही मनापासूनची. पण आमची काळी माती पाणी जिरवते कुठली! पावसाळ्यात खड्डे तुडुंब भरले आणि डासांची चंगळ झाली. चतुराबाईंनी आपला खड्डा शेणखताने बुजवून वर लाल कोहळ्याचा, म्हणजे तांबड्या भोपळ्याचा वेल लावला. वेल असा माजला की विचारू नका.

दिवाळीनंतर प्राध्यापक खुशालराव छापील तक्ता घेऊन चौकशीला आले. कॉलेजच्या कामाचा खेड्याला काय उपयोग झाला, यावर ते लेख लिहीत होते. चतुराबाईंनी त्यांना ओट्यावर बसवून आधी भाकर आणि कोहळ्याची भाजी वाढली. भाजी त्यांनी दोनदा मागून घेतली. मग जेवता जेवताच विचारलं, "शोषखड्डा वापरता ना, बाई?"

"वापरतो ना, साहेब," चतुराबाई म्हणाल्या.

ओटा गल्लीच्या तोंडावर होता, बोलणं साऱ्या गल्लीला ऐकू गेलं. पुढच्या प्रत्येक घराने तेच उत्तर दिलं. चतुराबाईंना खोटं पाडायची छाती कोणाची होती?

माघात खुशालरावांचं कार्ड आलं. नात शकुनने ते वाचून दाखवलं. लेख त्रैमासिकात येणार होता, आणि त्याच्या आधारावर अकोल्याकडच्या वीस गावांत असेच खड्डे खणायचे होते. गावांच्या यादीत चतुराबाईंच्या लेकीचं, जमुनाचं गाव होतं. तिच्या पाळण्यात दोन महिन्यांचं बाळ होतं. खड्डे तिथेही तुंबणार आणि डास पाळण्यापर्यंत पोचणार, हे चतुराबाईंना दिसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या एस.टी.ने त्या अमरावतीला पोचल्या. खुशालराव कॉलेजात लेखाची प्रुफं तपासत बसले होते.

"साहेब, मी तुमच्यापाशी खोटं बोलली. खड्डा तं मी कवाचाच बुजवला. तुमी दोनदा भाजी घेतली ना, ते त्याच खड्ड्यावरची."

खुशालरावांचा चेहरा पडला. वर्षभराचं काम होतं आणि प्रुफं संध्याकाळी छापखान्यात परत जायची होती. कॉलेजातली शुद्ध भाषा ते पार विसरले. "मंग मले तवाच काहून नाही सांगितलं, बाई?"

"तुमी जेवून राहिले होते. जेवत्या माणसाले कोनी नाही म्हनते काय? आधी इचारावं, मंग जेवावं."

खुशालरावांनी प्रुफं पुढ्यात ओढली. मग त्यांना हसू फुटलं आणि त्यांनी प्रुफातल्या तक्त्यावर आडवी रेघ मारली. "उद्या येतो," ते म्हणाले, "उपाशी येतो."

आले, आणि दिवसभर कुणाकडे पाणीसुद्धा न पिता एकेचाळीस परसं हिंडले. खड्डे चालू होते फक्त तीन, तेही मुरमाड उतारावरचे. अकोल्याला त्यांनी त्याच आठवड्यात कळवलं. जमुनाचं परस वाचलं.

लेख सहा महिने उशिरा निघाला. अंक घेऊन खुशालराव स्वतः आले, पण ओट्यावर न बसता अंगणातच उभे राहिले. "आधी इचारतो," ते म्हणाले. "बरोबर लिहिलं काय, ते आयका."

शकुन वाचू लागली. 'चौकशी जेवणाआधी करावी, हे आम्हांस चतुराबाई या शेतकरी बाईंनी शिकवले,' या वाक्याला तिचा आवाज चढला. चतुराबाईंनी मात्र चेहऱ्यावर काही दिसू न देता शेवटच्या ओळीपर्यंत ऐकलं.

"एक चूक हाये," त्या म्हणाल्या. "वेलाले अकरा कोहळे लिहिले तुमी. तेरा होते. दोन मी आधीच जमुनेले धाडले."

खुशालरावांनी खिशातून पेन काढून अंकावर तेरा केले.

"आता बसा," चतुराबाई म्हणाल्या आणि ताट आणायला आत गेल्या.