पितृपक्षातलं नको

सातपूरच्या कंपनीतली पहिली शिफ्ट संपवून हे एक गृहस्थ रोज थेट गंगाघाटावर येतात, रस्त्यावर राहणाऱ्यांना जेवण वाढायला. कोणी काही म्हटलेलं नसलं तरी त्यांचं बोलणं "तसं नाही ताई" इथूनच सुरू होतं.

पितृपक्षात वडिलांच्या श्राद्धाचा स्वयंपाक घेऊन मी घाटावर गेले, तर त्यांनी डबा उघडलासुद्धा नाही. "तसं नाही ताई, आज सगळ्या नाशिकचे पितर जेवताहेत. खीर फेकावी लागते. दिवाळीनंतर मात्र कोणी फिरकत नाही. तेव्हाचा पहिला मंगळवार देता का?" मला राग आला. तोंडदेखलं हो म्हणून मी पत्ता लिहून दिला आणि विसरून गेले.

त्या मंगळवारी संध्याकाळी ते दारात उभे, हातात मोठा रिकामा डबा. माझा चेहरा बघूनच त्यांना कळलं. "तसं नाही ताई, भात लावा. मी बसतो."

जिन्याच्या पायरीवर ते टेकले आणि डबा मांडीवर धरून तिथेच झोपले. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या. घाटावर माणसं ताटकळली असणार, हे मला ठाऊक होतं. तरी त्यांना तेवढीच झोप मिळावी म्हणून चौथी शिट्टी मी होऊ दिली.