चपलांची राखण

आमचे हे गेले आणि त्यांच्या कुत्र्यानं जेवण सोडलं. भाकरी दुधात कुस्करून पुढं ठेवली की तो ताटलीकडं बघायचा, मग माझ्याकडं बघायचा आणि सुस्कारा टाकून दाराकडं तोंड करून पडायचा. भेटायला येणारी माणसं आधी माझं सांत्वन करायची, मग त्याचं. त्याच्यापाशी जरा जास्त वेळ बसायची.

पिशोरहून धाकटे दीर आले. म्हणाले, "वहिनी, असं उपाशी मरंल की कुत्रं. रविवारी जीप घेऊन येतो. शेतावर राहील." मी बरं म्हटलं. जन्मभर कॉलेजात मराठी शिकवलेलं. कुत्रा हा यांचा विषय, त्यात मला गती नव्हती. पण बरं म्हटल्यापासून माझाही घास तोंडात फिरायला लागला. घरात दुसरं श्वास घेणारं कुणी नव्हतं.

शनिवारी सकाळी त्याला शेवटचं फिरवून आणावं म्हणून साखळी हातात घेतली. हे त्याला रोज हुतात्मा स्मारकाच्या बागेत न्यायचे. निजामाच्या राजवटीविरुद्ध लढताना जे गेले, त्यांचं ते स्मारक. यांचा जन्म पोलीस ॲक्शनच्या वर्षातला. मराठवाडा आणि मी एकाच साली सुटलो, असं आल्यागेल्याला सांगायचे. मी मात्र तिथं कधी त्यांच्याबरोबर गेले नव्हते. सकाळ ही माझी वाचायची वेळ.

मी कुत्र्याला फिरवलं, असं म्हणणं बरोबर होणार नाही. बागेत बाकावर बसून वाचावं म्हणून बगलेत पुस्तक धरलं होतं. एका हातात साखळी, दुसऱ्या हातानं पुस्तक आणि पदर सावरत मी त्याच्या मागं जवळजवळ पळत होते. विजेचा एकही खांब त्यानं माझ्यावर उपकार म्हणून सोडला नाही.

फाटकावरचा वॉचमन म्हणाला, "बाई, कुत्र्याला आत परवानगी नाय." मग त्यानं खाली पाहिलं. "हा व्हय. जाऊ द्या." तब्येत त्यानं कुत्र्याचीच विचारली.

स्मारकाच्या चौथऱ्यावर चढताना देवळात काढतात तशा पायऱ्यांखाली चपला काढायची तिथं रीत आहे. मी काढल्या. कुत्रा लगेच त्यांच्याशेजारी बसला, छाती पुढं काढून, कान टवकारून. दमला असेल, असं मला वाटलं. साखळी तिथंच एका झाडाला अडकवून मी वर गेले.

वर यांचे मित्र भेटले. शहागंजात त्यांचं कापडाचं दुकान आहे. दोघं रोज बरोबर फिरायचे. त्यांच्याकडून मला कळलं की एकदा यांच्या नव्याकोऱ्या चपला पायऱ्यांखालून चोरीला गेल्या होत्या. मला त्या दुरुस्तीला टाकल्यात म्हणून सांगितलं होतं. तेव्हापासून यांनी कुत्र्याला राखणीला बसवलं. तो फक्त यांच्याच नव्हे, तिथं असतील तेवढ्या सगळ्या चपला राखायचा.

तेवढ्यात कुठल्याशा समितीचे लोक एका पाहुण्यांना घेऊन हार घालायला आले. त्यांनीही बूट, चपला खाली काढल्या. हार झाला, फोटो झाले, मंडळी उतरली. पाहुण्यांनी बुटाकडं हात नेला, तसा कुत्र्यानं ओठ वर केला. भुंकला नाही. नुसते दात दाखवले.

पाहुण्यांच्या एका मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. ते दुसऱ्या पायानं झाकून एका पायावर उभे राहिले. समितीतल्या एकानं बिस्कीट दाखवलं. दुसऱ्यानं, साहेब कोण आहेत ते कुत्र्याला समजावून सांगितलं. मी खाली येऊन साखळी ओढली. तो जमिनीत पुरल्यासारखा बसून राहिला.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी पाहुण्यांना म्हटलं, मी त्याचं तोंड धरते, आधी तुम्ही बूट घ्या. ते म्हणाले, छे, तुम्ही वडीलधाऱ्या, आधी तुम्ही. मी म्हटलं, पाहुण्यांच्या आधी मी कशी घालू? मग समितीचे लोकही एकमेकांना आधी तुम्ही, आधी तुम्ही करू लागले. जो तो मान देऊन एक पाऊल मागं सरकत होता. बूट तिथंच होते आणि आम्ही हळूहळू बागेच्या दुसऱ्या टोकाला निघालो होतो.

यांचे मित्र पायरीवर बसून हसत होते. "भाभी, ऐसे तो शाम होगी. पैले तुम पैनो. मालिक चप्पल पैने बगैर वो उठताइच नै."

मी म्हटलं, "त्याचा मालक आता कुठं आहे?"

त्यांचं हसू थांबलं. हळूच म्हणाले, "पैन के तो देखो."

मी पुढं झाले. आता मला पाहुण्यांची काळजी नव्हती. हा उठला नाही तर इतक्या लोकांसमोर ठरणार होतं की मी त्याची कुणी नाही, आणि उद्याची जीप बरोबरच आहे. मी एका चपलेत पाय घातला. त्यानं माझी टाच हुंगली. दुसरी घातली. त्यानं पदराचं टोक हुंगलं, पुस्तकही हुंगलं, आणि कॉलेजातल्या परीक्षकासारखा बराच वेळ विचार केला. मग उठला, अंग झाडलं आणि बाजूला झाला. पाहुण्यांनी बुटांवर झडप घातली.

घरी येऊन मी गरम भाकरी केली. त्यानं खाल्ली. ताटली चाटत चाटत पार पलंगाखाली नेली आणि तिथून आणखी मागितली. मग मीही बसून जेवले. आचवून पिशोरला फोन लावला, जीप आणू नका म्हणून सांगितलं.

दीर नाराज झाले. त्यांनी शेतावर पत्रे ठोकून खोपट बांधलं होतं, आत कडबाही अंथरला होता. "मग त्यात आता काय ठेवू, वहिनी?"

"शेळी ठेवा, भाऊजी."

"शेळी काय राखण करती व्हय?"

मी म्हटलं, वेळेवर खाईल तरी.