तिसरा पेड

इथले अनुभव मी बरेच दिवस नुसते वाचतेय. लिहायचं धाडस होत नव्हतं, कारण माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही... म्हणजे कधीच नव्हता. माहेरी आम्ही अमावास्येलाच मुद्दाम नखं कापायचो, असं घर! आणि माझ्या गोष्टीत भूत नाही, किंकाळी नाही, घाबरण्यासारखं काहीच नाही. पण जे झालं ते माझ्या डोळ्यांसमोर झालं, म्हणून लिहितेय.

सत्तरच्या आसपासची गोष्ट. लग्न होऊन मी कलकत्त्याला आले. हे कस्टम्समध्ये, खिदिरपूरच्या गोदीत. बेहालाला ट्राम डेपोमागच्या गल्लीत आम्ही तळमजल्यावर भाड्याने राहायचो. वर घरमालकीण, तिला सगळी गल्ली माशीमा म्हणायची, म्हणजे मावशी. आणि आमच्यात माझे सासरे, नाना. आयुष्यभर रेल्वेत मालगाड्यांचे गार्ड, त्यामुळे एक कान जवळजवळ गेलेला. सासूबाई कधीच्याच वारल्या होत्या. तेव्हा हे जेमतेम तीन वर्षांचे आणि माझ्या नणंदबाई, कुसुमवन्सं, नऊ-दहाच्या. नानांनी बहिणीच्या मदतीने दोघांना वाढवलं. पुन्हा लग्न केलं नाही.

नाना फार कमी बोलायचे. मी नवी, त्यात बंगाली येत नाही. दुपारी घरात आम्ही दोघंच... आणि आमचा व्हॉल्व्हचा रेडिओ.

रेडिओवर जाहिराती नुकत्याच सुरू झाल्या होत्या. दुपारी एका चहाच्या कंपनीचा गाण्यांचा कार्यक्रम लागायचा. निवेदक घसा ताणून सांगायचा, "जो कल सुना, वो आज नहीं! हर रोज़ नया नग़मा!" आणि मग लागायची तीच कालची गाणी. परवाचीही तीच! एक डोंगरातलं युगुलगीत तर रोज शेवटी ठरलेलं. मध्ये मध्ये "एक चम्मच में छह प्याले" असं चालायचं. मी बापडी खरं मानून तो चहा आणला, एका चमच्यात सहा कप केले. ह्यांनी एक घोट घेऊन विचारलं, "कप धुतलेलं पाणी आहे का?"

माशीमा कधी कधी दुपारी पान खात आमच्या उंबऱ्यावर येऊन बसायच्या. मला त्या बोउमा म्हणायच्या, म्हणजे सूनबाई. युगुलगीत सुरू झालं की पुन्हा तेच गाणं म्हणून कपाळावर हात मारायच्या. "आबार शेई गान! बोउमा, ये लोग झूठ बोलता है. रोज नया बोलता, रोज वोही बजाता!"

एकदा मीही वैतागून म्हटलं, "नाना, बंद करू का? तीच तीच गाणी."

नाना रेडिओला चांगला कान लावून बसले होते. म्हणाले, "तीच कुठे? शेवटचं नवीन होतं की. मराठी."

"मराठी? कलकत्त्याला?"

"बाई गात होती. एकटीच. वाजंत्री नाही काही."

मी हसले. कान गेलेला माणूस, काहीतरी ऐकू आलं असेल. पण त्यांना ते हसणं लागलं असावं. पुन्हा त्यांनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. मात्र त्यानंतर रोज दुपारी ते त्या शेवटच्या गाण्याची वाट बघू लागले... धोतर नीट करून, टोपी घालून, कुणाकडे जायचं असल्यासारखे.

एक दिवस मी मुद्दाम शेजारी बसले. युगुलगीत लागलं, तेच धबधब्याच्या आवाजासकट. नाना डोळे मिटून ऐकत होते. त्यांचं बोट खुर्चीच्या हातावर ताल धरत होतं, पण तो ताल ह्या गाण्याचा नव्हता! फार संथ होता. गाण्यात ढोलक चाललाय घाईघाईने, आणि नानांचं बोट कुठेतरी भलतीकडेच, सावकाश. गाणं संपलं, जाहिरात लागली, तरी बोट चालूच होतं. मग डोळे पुसले आणि आत गेले.

दिवसभर ती चाल गुणगुणायचे. शब्द नाहीत, नुसती चाल. अंघोळीला जाताना, भाजी निवडताना. घरात सारखी ऐकून ती माझ्याही तोंडात बसली.

ह्यांना मात्र काळजी वाटू लागली. जाहिरातींच्या कार्यक्रमात मराठी कोण गाणार? ह्यांच्या मते नानांचं डोकं थकत चाललं होतं. नागपूरला वन्संकडे राहिले तर माणसांत राहतील, तिथे चांगले डॉक्टरही बघता येतील... ह्यांनी वन्संना बोलावून घेतलं. नानांना कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "नेणार असाल तर न्या. पण थोडं थांबा. तिचं गाणं अजून पुरतं व्हायचंय."

"कुणाचं, नाना?" ह्यांनी विचारलं.

नाना टोपी घालून रेडिओजवळ जाऊन बसले.

हिवाळ्यात वन्सं आल्या. हे हावड्याहून त्यांना घेऊन आले आणि ऑफिसला गेले. मी पोळ्या लाटत होते, वन्सं अंघोळ करून केस पुसत स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. इकडचं तिकडचं बोलणं झालं आणि लाटता लाटता मी नकळत गुणगुणू लागले.

टॉवेल खाली पडल्याचं मला कळलं, म्हणून वळून पाहिलं. वन्संचा चेहरा पांढरा पडला होता.

"सुधा, हे तू कुठे ऐकलंस?"

"नाना म्हणतात. का हो?"

"नानांना कसं येईल?" त्या माझा पिठाचा हात घट्ट धरून म्हणाल्या. "हे आईचं गाणं आहे. तिने स्वतः जुळवलेलं. माझी वेणी घालताना म्हणायची, फक्त आम्ही दोघीच असताना. कुणाची चाहूल लागली की गप्प. नाना तर आठ-आठ दिवस गाडीवर असायचे. त्यांच्यासमोर तिने कधी तोंड उघडलं नाही."

पोळी तव्यावर करपली. वन्संनी मग अगदी हलक्या आवाजात ते गाणं म्हटलं. शब्द मी पहिल्यांदाच ऐकत होते:

एक पेड माझा, बाई, एक पेड तुझा,
तिसरा कुणाचा, ते सांगेन उद्या.

"एवढंच," वन्सं म्हणाल्या. "इथे माझी वेणी पुरी व्हायची. मी रोज विचारायची, कुणाचा गं आई? ती म्हणायची, उद्या. आणि मग..."

तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून नानांचा आवाज आला. खर्जातला, थोडा फाटलेला, पण चाल तीच:

तिसरा पेड त्याचा, जो येतो लांबून,
चाहूल लागता त्याची, गाणं जातं थांबून.

आम्ही दोघी बाहेर गेलो. रेडिओ बंद होता. नाना खुर्चीत बसले होते, आणि मी लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदाच त्यांना असं मोकळं हसताना पाहत होते.

"काल सांगितलं तिने," नाना म्हणाले. "इतके दिवस मला वाटायचं, मी घरात आलो की ती गप्प होते, म्हणजे मी तिला आवडत नसेन."

वन्सं त्यांच्या पायाशी जमिनीवर बसल्या. चाळिशी ओलांडलेली बाई, केस पांढुरके झालेले. पाठ त्यांच्याकडे करून म्हणाल्या, "नाना, घाला माझी वेणी."

"मला कुठे येतेय गं?"

"येईल तशी घाला."

नानांनी ओल्या केसांचे तीन भाग केले. एक सुटायचा, तो धरेपर्यंत दुसरा सुटायचा. गाणं तेवढं सुटत नव्हतं. मी आत जाऊन गॅस बंद केला आणि तिथेच ओट्याला टेकून खूप रडले... का, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. ज्या सासूला मी पाहिलंही नव्हतं!

दुसऱ्या दिवशी दुपारी नानांनी सवयीने रेडिओ लावला. युगुलगीत झालं. नाना माझ्याकडे वळून म्हणाले, "सुधा, हे लोक रोज एकच गाणं लावतात की काय गं?" उंबऱ्यावरच्या माशीमांना मी ते हिंदीत सांगितलं, तर त्या पोट धरून हसल्या.

ते गाणं नानांना पुन्हा कधीच ऐकू आलं नाही. त्यांनी वाटही पाहिली नाही. वन्सं न्यायला आल्या होत्या त्या महिनाभर राहिल्या आणि एकट्याच परत गेल्या. डॉक्टरांचं नाव ह्यांनी पुन्हा काढलं नाही. नाना पुढे बरीच वर्षं आमच्यातच होते, अगदी शेवटपर्यंत शुद्धीत.

ह्यांचं म्हणणं असं की नानांनी तरुणपणी दाराआडून कधीतरी ऐकलं असेल आणि म्हातारपणी ते वर आलं असेल. असेलही. पण वेणी संपल्यावर जे ती मुलीसमोरही म्हणत नव्हती, ते तिने कुणापुढे म्हटलं असेल? आणि चाहूल लागताच थांबणारं गाणं दाराआडच्या माणसाला पूर्ण कसं ऐकू येईल? की त्या पुढच्या दोन ओळी नानांनीच जुळवल्या? जन्मात चार ओळी न लिहिलेल्या माणसाने? मला खरंच माहीत नाही. तुमच्यापैकी कुणाला काही सुचलं तर जरूर सांगा. मी ऐकून घेईन, पण मला पटेलच असं नाही.

एक मात्र सांगायचं राहिलं. त्यानंतरच्या एका रविवारी हे खिडकीत आरसा ठेवून दाढी करत होते. मी केर काढत होते. आरशातच बघत, माझ्याकडे न वळता म्हणाले, "ताईला आठवते, नानांना आठवते. मला आईचा चेहराही आठवत नाही... ती चाल म्हण ना जरा."

मी केरसुणी खाली ठेवली आणि म्हटली. एकदा झाल्यावर ते म्हणाले, "परत." मी परत म्हटली. तोंडावरचा साबण पार वाळून गेला, तरी ते तसेच उभे होते.